ऑनलाइन डॉक्युमेंटरीचं एडिटिंग: रश घरी येण्यापासून बिल वसूल होईपर्यंत

कुरिअरच्या पाकिटात एक टेराबाइटची हार्ड डिस्क, आणि तिच्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'ऊसतोड. ११ तास. २२ मिनिटं हवीत.' फ्रीलान्स एडिटरकडे डॉक्युमेंटरीचं काम बहुतेक वेळा असंच येतं. दिग्दर्शक एकटाच कॅमेरा घेऊन आठवडाभर फिरलेला असतो, सोबत आवाजासाठी एखादा मित्र असतो, आणि फिल्म यूट्यूबवर जायची असते. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर आलेल्या जोडप्यांवरचं हे काम मी या लेखात उदाहरण म्हणून शेवटपर्यंत सोबत ठेवणार आहे. कारण नुसते नियम सांगितले तर ते लक्षात राहत नाहीत.

लग्नाचे व्हिडिओ, रील्स, मुलाखती कापून ज्यांचा हात बसला आहे, पण ज्यांनी डॉक्युमेंटरी कधी केली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सॉफ्टवेअरची बटणं यूट्यूबवर शिकता येतात. इथे मी कामाचा क्रम सांगते, आणि जिथे नवीन माणूस हमखास अडतो तिथे जरा जास्त वेळ थांबते.

होकार देण्याआधी विचारायचं

फोनवर लगेच 'हो, करूया' म्हणू नका. आधी विचारा: रश, म्हणजे शूट केलेलं न कापलेलं फुटेज, किती तासांचा आहे? कॅमेरे किती आणि कोणते? मोबाइलवर काही शूट केलंय का? आवाज कॅमेऱ्यातच आहे की वेगळ्या रेकॉर्डरवर? लोक कुठल्या बोलीत बोलतात? सबटायटल्स कोण करणार, कुठल्या भाषांत? संगीत कोण आणणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा शब्द कुणाचा?

हा शेवटचा प्रश्न मी सुरुवातीला विचारत नसे. एका कामात दिग्दर्शकाने फाइन कट (बारीकसारीक कापून पक्की केलेली जोडणी) पास केला, मी आवाज आणि रंगाचं काम संपवलं, आणि मग पैसे देणाऱ्या संस्थेतल्या तीन जणांनी तीन वेगवेगळ्या दुरुस्त्यांच्या याद्या पाठवल्या. एकाला जे सीन हवे होते ते दुसऱ्याला काढायचे होते. ते काम दीड महिना लांबलं आणि वाढीव पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून पहिल्याच ईमेलमध्ये मी एक ओळ लिहिते: सगळ्यांच्या सूचना एकाच व्यक्तीने एकत्र करून पाठवाव्यात, आणि त्या व्यक्तीचं नाव आत्ताच ठरवावं.

सोबत प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक छोटी क्लिप मागवून घ्या आणि आपल्या मशीनवर चालवून बघा. ती अडखळली तर उपाय आहे, पण तो वेळ दर सांगण्याआधी माहीत हवा.

मशीन आणि सॉफ्टवेअर

इथे फार अडकू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती २२ मिनिटांच्या डॉक्युमेंटरीला पुरते. तिच्यातून ३८४०×२१६० पर्यंत एक्स्पोर्ट होतो आणि त्यावर कुठला वॉटरमार्क येत नाही. व्हिडिओतला नॉइज काढायचं टूल आणि बोलणं आपोआप टाइप करून देणारं टूल मात्र पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइल्सही मोफत आवृत्तीला झेपत नाहीत, म्हणून वरची चाचणी. प्रीमियर येत असेल तर प्रीमियर वापरा. त्याचं भाडं तेवढं दरात धरा.

रॅम १६ जीबी तरी हवी, ३२ असेल तर उत्तम. प्रोजेक्ट आणि प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) एसएसडीवर ठेवा. पैसे मोजकेच असतील तर मॉनिटरच्या आधी कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन घ्या. डॉक्युमेंटरीत तुम्ही सगळ्यात जास्त वेळ ऐकत असता.

डिस्क आली की पहिला दिवस

पहिल्या दिवशी काहीही कापायचं नाही. डिस्क लावायची आणि कॉपी करायची.

हिशोब सोपा आहे. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेलं ४के फुटेज तासाला ४५ जीबी जागा खातं. म्हणजे ११ तासांना जवळपास ५०० जीबी. त्याच्या दोन प्रती तुमच्याकडे दोन वेगळ्या डिस्कवर हव्यात, आणि तिसरी दिग्दर्शकाकडे दुसऱ्या घरात. आलेल्या डिस्कवर थेट काम करू नका. ती कपाटात ठेवा. कॉपी करताना रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल वापरा. प्रत तंतोतंत झाली की नाही हे ते तपासतं. नुसतं कॉपी-पेस्ट करताना मध्येच लाइट गेली, तर कुठली फाइल अर्धवट राहिली हे महिन्याभराने कळतं.

कॅमेऱ्याच्या कार्डावरचं फोल्डर जसंच्या तसं ठेवा. आतली उपफोल्डर्स निरुपयोगी वाटतात म्हणून नुसत्या व्हिडिओ फाइल्स उचलून आणू नका आणि फाइलींची नावंही बदलू नका. तुमची फोल्डर्स त्याच्या बाहेर असू द्या. माझी रचना वर्षानुवर्षं तीच आहे: ०१ रश (आत दिवस, त्याच्या आत कॅमेरा), ०२ आवाज, ०३ फोटो आणि कागदपत्रं, ०४ संगीत, ०५ प्रोजेक्ट, ०६ प्रॉक्सी, ०७ एक्स्पोर्ट. प्रोजेक्टची रोज संध्याकाळी तारीख घालून प्रत काढते आणि ती ईमेलने स्वतःलाच पाठवते. प्रोजेक्टची फाइल छोटी असते, पण महिन्याची मेहनत तिच्यात असते.

फ्रेम रेट, मोबाइल आणि सिंक

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून २५ फ्रेम्सवर, १/५० शटरने शूट केलेलं फुटेज ट्यूबलाइटखाली लुकलुकत नाही. कॅमेऱ्याचं फुटेज २५ चं असेल तर टाइमलाइनही २५ चीच करा, आणि पहिली क्लिप खाली ओढण्याआधी सेटिंग तपासा. टाइमलाइनवर काम सुरू झालं की मग तिचा फ्रेम रेट बदलणं अवघड असतं.

मोबाइलच्या क्लिप्सचा त्रास वेगळा. फोन बहुधा ३० च्या आसपास शूट करतो, आणि तेही एकसारखं नाही; उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम रेट हलतो. अशी लांब क्लिप टाइमलाइनवर टाकली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि दहाव्या मिनिटाला आवाज पुढे पळालेला असतो. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमधून ती क्लिप आधी एकसारख्या फ्रेम रेटची करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ असेल तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवा. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेलं चित्र परत उलगडत नाही.

मग प्रॉक्सी. मशीन जुनं असेल तर ४के फाइल्सच्या हलक्या प्रती बनवून त्यावर काम करा; एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल्सकडे परत जातं. रात्री लावून झोपा, सकाळी तयार असतात. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज वेव्हफॉर्मवरून आपोआप जुळवता येतो, तरी प्रत्येक मुलाखतीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी ओठांकडे बघून खात्री करा.

ऐकणं आणि लॉग

इथे घाई केली की पुढचं सगळं कच्चं राहतं. ११ तासांचा रश नीट ऐकून लिहून काढायला मला २५ ते ३० तास लागतात, म्हणजे चार पूर्ण दिवस. नवीन एडिटर हे दिवस वाचवायला बघतात. मधूनमधून पुढे ढकलत बघतात, चांगलं दिसणारं उचलतात आणि दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर बसतात. मग तिसऱ्या आठवड्यात दिग्दर्शक म्हणतो, 'ती फडात मोळी बांधता बांधता काहीतरी बोलली होती ना?' आणि ते कुठल्या क्लिपमध्ये आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

साधी गूगल शीट पुरते. क्लिपचा नंबर, टाइमकोड, कोण, कुठे, काय म्हणालं, आवाजाची स्थिती आणि तुमचं मत. माझ्या शीटमधली एक ओळ अशी होती:

'क्लिप ४७. ०३:१२ ते ०३:५८. मोळी बांधताना बोलते. उचल आणि मुकादम. मागे ट्रॅक्टर, पण शब्द स्वच्छ. ०३:४१ ला चार सेकंद गप्प, हात चालू. तीन तारे.'

त्या चार सेकंदांची नोंद मी केली नसती तर फिल्ममधला सगळ्यात मोलाचा शॉट मला सापडला नसता. माणसं कुठे थांबतात, कुठे विषय बदलतात, कुठे हसून टाळतात, हे लॉगमध्ये लिहा. शब्द नंतर परत शोधता येतात, गप्प राहणं शोधता येत नाही.

बोलणं आपोआप टाइप करणारी टूल्स प्रमाण मराठीत बऱ्यापैकी चालतात. गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंगही मराठी घेतं. एका कानात क्लिप ऐकत आपणच मोठ्याने बोलून ते लिहून घ्यायचं, हाताने टाइप करण्यापेक्षा लवकर होतं. पण बोली आली की यंत्र स्वतःच्या मनाचं लिहितं. 'उचल' हा मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराने, दिलेला आगाऊ पैसा आहे, 'कोयता' म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, 'वाढं' म्हणजे जनावरांना घालायचा उसाचा शेंडा, 'कोपी' म्हणजे त्यांची राहायची झोपडी. 'कोयता उचल घेऊन गेला' हे वाक्य नीट न कळलेला एडिटर काय कापेल आणि काय ठेवेल याचा भरवसा नाही. शब्द अडला की दिग्दर्शकाला फोन करा, किंवा त्याच भागातल्या एखाद्या माणसाला ऐकवा. यात कमीपणा नाही.

कागदावर, मग फक्त कानाने

लॉग झाला की त्यातले तीन तारेवाले तुकडे छोट्या कागदांवर उतरवा आणि जमिनीवर मांडा. एका कागदावर एक गोष्ट. दिग्दर्शकाला घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवा, आणि दोघांनी मिळून क्रम लावा. ऊसतोडीच्या फिल्मला आम्ही हंगामाचा क्रम धरला: दिवाळीनंतर गाव सोडणं, फड, कोपी, मधे लेकरांची शाळा, शेवटी परत येताना उरलेली उचल. एका संध्याकाळी कागद चार वेळा हलले. टाइमलाइनवर हेच करायला आठवडा गेला असता.

मग पहिली जोडणी करताना चित्राकडे दुर्लक्ष करा. फक्त बाइट्स (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) आणि जागेवरचे आवाज क्रमाने लावा, त्याची ऑडिओ फाइल काढून फोनवर टाका आणि फिरायला जा. जिथे तुमचं लक्ष उडतं तिथे फिल्म सैल आहे. जिथे 'हा कोण बोलतोय?' असं वाटतं तिथे ओळख नीट झालेली नाही. पहिली जोडणी ५० मिनिटांची झाली तर घाबरू नका. २२ वर यायला दोन-तीन फेऱ्या लागतातच.

यूट्यूबसाठी पहिलं अर्ध मिनिट महत्त्वाचं, हे खरं आहे. पण म्हणून सगळ्यात दुःखी क्षण उचलून सुरुवातीला ढोल वाजवत लावायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. बघणारा थांबावा म्हणून त्याला एक प्रश्न द्या. आमची सुरुवात पहाटे चारच्या अंधारात कोयत्याला धार लावण्याच्या आवाजाने होते. काय चाललंय हे कळायला वीस सेकंद लागतात, आणि लोक तेवढे थांबतात.

बाइट कापताना

क्लिप ४७ मध्ये ती बाई म्हणते: 'मुकादम काय वाईट नाई वो. आमच्याच गावचाय. पण उचल फिटेस्तोवर त्येचंच ऐकावं लागतंय.' मग चार सेकंद शांतता, आणि मोळीची गाठ.

आता बघा. पहिली दोन वाक्यं उडवली तर मुकादम खलनायक होतो. शेवटचं उडवलं तर सगळं आलबेल वाटतं. दोन्ही कट तांत्रिकदृष्ट्या सफाईदार होतील, वर उसाचा एखादा शॉट टाकला की कुणाला सांधाही दिसणार नाही. पण तिचं म्हणणं त्या दोन्हींच्या मधे आहे: माणूस आपलाच आहे आणि तरी त्याच्यापासून सुटका नाही. वेळ वाचवायला आम्ही तिची 'आमच्याच गावचाय' आणि 'पण' यांच्या मधली एक लांबलेली पुनरुक्ती काढली, बाकी काही नाही. शांतता पूर्ण ठेवली. चार सेकंद म्हणजे १०० फ्रेम्स. टाइमलाइनवर ती जागा रिकामी दिसते आणि बोट सारखं कापायला शिवशिवतं.

वेगवेगळ्या वाक्यांतले शब्द जोडून नवीन वाक्य बनवू नका, कुणीही सांगितलं तरी. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं सलग लावू नका. प्रश्न ऐकू येत नसेल आणि त्याच्याशिवाय उत्तराचा अर्थ बदलत असेल, तर प्रश्न ठेवा किंवा पडद्यावर लिहा. शंका आली तर मी एक गोष्ट करते: ती व्यक्ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली आहे असं समजून तो भाग पुन्हा बघते.

सांधे लपवायचे तर कटअवे, म्हणजे बोलणाऱ्यावरून बाजूला नेणारे छोटे शॉट्स, लागतात, आणि ते रशमध्ये कधीच पुरेसे नसतात. म्हणून लॉग करताना हात, पाय, भांडी, दोरीवरचे कपडे असे शॉट्स वेगळ्या बिनमध्ये (प्रोजेक्टमधल्या फोल्डरमध्ये) जमवत जा. पुढच्या सीनचा आवाज आधी आणायचा (जे-कट) आणि बोलणाऱ्याचा आवाज पुढच्या चित्रावर वाहू द्यायचा (एल-कट) या दोन सवयी लागल्या की जोडणी आपोआप मऊ होते. डिझॉल्व्ह, झूम, स्लो मोशन यांना हात लावायची गरज फार क्वचित पडते.

एक कायदेशीर गोष्ट इथेच. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नुसता चेहरा पुसट करून भागत नाही. आवाज, घर, दारावरची पाटी, नातेवाइकांची नावं, सगळ्यावरून ओळख पटते. अशा वेळी बोलणं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि चित्र पूर्ण वेगळं लावा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती दिग्दर्शकाकडे आहे का, हे एडिटरनेही विचारावं.

पिक्चर लॉक झाल्यावर: आवाज, मग रंग

कट पक्का झाल्याचं दिग्दर्शकाकडून ईमेलवर लिहून घ्या, मगच इथे या. आधी केलेलं आवाजाचं काम प्रत्येक बदलात मोडतं.

आवाजात पहिलं काम बोलण्याची पातळी सारखी करणं. मुलाखतीचे तुकडे जोडले की मधल्या फटींत पूर्ण शांतता येते आणि कानाला खड्डे जाणवतात. तिथे त्याच जागेचा रिकामा आवाज, म्हणजे रूम टोन, भरायचा असतो. दिग्दर्शकाने तो वेगळा घेतलेला नसेल तर बोलण्याआधीचे, माणूस विचार करतानाचे सेकंद शोधून जोडा. पुढच्या शूटसाठी त्याला सांगून ठेवा: प्रत्येक जागी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा.

पंख्याची घरघर आणि वारा काढताना नॉइज रिडक्शन जपून वापरा. जास्त झालं की माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. ट्रॅक्टरचा आवाज थोडा राहिला तर राहू द्या, ती बाई फडात उभी आहे. संपूर्ण फिल्मची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. यूट्यूब जास्त मोठा आवाज स्वतःच खाली ओढतं, पण हळू असलेला वर उचलून देत नाही. शेवटी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ऐका. बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत.

रंगाचं काम डॉक्युमेंटरीत कमी ठेवावं. आधी सगळे शॉट्स एकमेकांशी जुळवा, उजेड आणि व्हाइट बॅलन्स सरळ करा, स्कोपवर (उजेड आणि रंग दाखवणाऱ्या आलेखांवर) नजर ठेवा. उन्हात काम करणाऱ्या माणसांची त्वचा उजळ करायचा मोह टाळा. ती जशी आहे तशीच दिसली पाहिजे.

देवनागरी सबटायटल्स

इथे मराठी एडिटरला इतर कुणाहून जास्त त्रास होतो, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. संस्थेकडून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असेल तर पेस्ट केल्यावर अगम्य अक्षरं दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग शब्दन् शब्द वाचा, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. प्रीमियरमध्ये वेलांटी पुढे पडलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसलं तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा.

फॉन्ट निवडताना चार शब्द टाइप करून बघा: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'शाळेला', 'ट्रॅक्टर'. अर्धा र नीट येतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, अ‍ॅचा चंद्र जागेवर बसतो का, हे यातून कळतं. मुक्ता, बालू आणि नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. व्यावसायिक कामात वापरले तरी पैसे लागत नाहीत.

एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि ओळ अर्थ तुटणार नाही अशी मोडा. 'उचल फिटेस्तोवर / त्येचंच ऐकावं लागतंय' ठीक. 'उचल फिटेस्तोवर त्येचंच / ऐकावं लागतंय' हे वाचताना ठेच लागते. बोली सबटायटलमध्ये बोलीच ठेवा. 'नाई' चं 'नाही' आणि 'त्येचं' चं 'त्याचं' करून देणं म्हणजे तिच्या तोंडचं वाक्य दुरुस्त करणं, आणि ते आपलं काम नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये 'मुकादम' तसाच ठेवून पहिल्यांदा येतो तिथे निवेदनात किंवा पडद्यावरच्या एका पाटीवर अर्थ सांगा. सबटायटल्सची फाइल एसआरटी स्वरूपात (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) वेगळी द्या, म्हणजे बघणाऱ्याला भाषा निवडता येते.

गाणी, फोटो आणि जुनं फुटेज

'दहा सेकंद वापरलं तर चालतं' असं तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. असा नियम नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कारणांसाठी उचित वापराची मुभा आहे, पण ती कारणाला आहे, सेकंदांना नाही. आणि यूट्यूबची कॉन्टेंट आयडी यंत्रणा कायद्याचा विचार न करता आवाज ओळखते. मागे ट्रॅक्टरवर सिनेमाचं गाणं वाजतंय आणि पुढे माणूस बोलतोय, तरी क्लेम येऊ शकतो. म्हणून लॉगमध्ये 'मागे गाणं' असा रकाना ठेवा आणि तो बाइट शक्यतो दुसऱ्या जागेवरून घ्या. संगीतासाठी यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे. त्यातल्या काही तुकड्यांना श्रेय देणं बंधनकारक असतं, ते वाचून घ्या. बजेट असेल तर गावातल्याच कुणाकडून ओवी किंवा पावा रेकॉर्ड करून घ्या, लेखी परवानगी आणि मानधनासह.

जुन्या सरकारी माहितीपटांतलं फुटेज हवं असेल तर लक्षात ठेवा, १९४८ साली सुरू झालेली फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. चौकशी तिकडे करायची. इंटरनेटवरून उतरवून लावू नका.

एक्स्पोर्ट

एमपी४, एच.२६४, २५ फ्रेम्स. १०८०पी साठी ८ एमबीपीएस आणि ४के साठी ३५ ते ४५ एमबीपीएस हे यूट्यूबनेच सुचवलेले आकडे आहेत. थोडं जास्त दिलं तरी हरकत नाही. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. एक्स्पोर्ट झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघा, मधे न ढकलता. एखादी हरवलेली फ्रेम, लाल 'मीडिया ऑफलाइन'ची पाटी, चुकलेलं नाव तिथेच सापडतं.

पैसे

दर मिनिटावर सांगू नका. '२२ मिनिटांचे किती?' या प्रश्नाला उत्तर देताना ११ तासांचा रश विसरला जातो. दिवस मोजा. या फिल्मचे माझे दिवस असे होते: कॉपी आणि सिंक १, लॉग ४, कागद आणि जोडणी ३, रफ कट (पहिला कच्चा कट) ५, फाइन कट ४, आवाज २, रंग १, सबटायटल्स ३. झाले २३. समजा तुमचा दिवसाचा दर ३,००० रुपये, तर ६९,००० रुपये. समोरच्याला हा तक्ताच पाठवा. रक्कम जास्त वाटली तर काय कमी करायचं यावर बोलता येतं: रश त्याने लॉग करून द्यावा, सबटायटल्स दुसऱ्याने करावीत. दर पाडण्यापेक्षा काम कमी केलेलं बरं.

दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे दिवसाच्या दराने. ३० टक्के डिस्क येण्याआधी, ४० टक्के रफ कटवर, ३० टक्के वॉटरमार्क नसलेली फाइल देण्याआधी. हे साध्या मराठीत ईमेलवर लिहा आणि 'मान्य आहे' असं उत्तर येईपर्यंत कॉपीसुद्धा सुरू करू नका.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर ती १५ दिवसांची आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाले बिल बाजूला सारत नाहीत, हा माझा अनुभव आहे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. संस्थेने टीडीएस कापला तर तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का, हे दर तिमाहीला बघा.

पहिलं काम मिळवायला शोरील लागते, आणि शोरीलला काम लागतं. यातून वाट अशी: तुमच्या गल्लीतला माणूस निवडा, सायकलचं पंक्चर काढणारा, पिठाची गिरणी चालवणारी बाई, कुणीही. दोन तास शूट करा, लॉग करा, चार मिनिटांची फिल्म कापा. मी कुणाला मदतनीस म्हणून घेताना त्याची शोरील एक मिनिट बघते आणि त्याने केलेला लॉग दहा मिनिटं वाचते.

फाइल दिल्यानंतर

प्रोजेक्ट, वापरलेला सगळा मीडिया, फॉन्ट, संगीताचे परवाने आणि एसआरटी एकाच फोल्डरमध्ये बांधून दिग्दर्शकाच्या डिस्कवर द्या. तुमच्याकडची प्रत किती महिने ठेवणार हे तारखेसह ईमेलवर कळवा. मी सहा महिने ठेवते.

आणि ज्यांचं बोलणं आपण महिनाभर ऐकलं त्यांच्यासाठी एक वेगळी छोटी फाइल काढा. ४८०पी, ६०० केबीपीएस, सबटायटल्स चित्रावरच छापलेली. २२ मिनिटांची फिल्म साधारण १०० एमबीत बसते. यूट्यूबवर चढवायच्या आधी ती त्यांच्यापर्यंत पोचेल अशा बेताने दिग्दर्शकाकडे द्या, म्हणजे कुणाला काही खटकलं तर अजून बदलता येतं. ऊसतोडीच्या फिल्मच्या वेळी ती फाइल त्या बाईच्या मुलाच्या फोनवर, 'डॉक्युमेंट' म्हणून गेली. दोन दिवसांनी दिग्दर्शकाला उलट फोन आला. कोपीसमोर पंधरा-वीस जणांनी मिळून बघितली होती, आणि एका पाटीवर त्यांच्या गावाचं नाव चुकीचं पडलं होतं. आम्ही ते त्याच रात्री दुरुस्त करून फाइल नव्याने काढली.